तिकिटावरचं नाव

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. रोज रक्तदाब मोजायचा आणि त्या दिवशी कशाचा राग आला ते शेजारी लिहायचं. म्हणाल्या, "हाल्मोशकाका, राग वहीवर काढा, माणसांवर काढू नका." मी राग काढत नाही, चुका दाखवतो. आमच्या देब्रेत्सेन शहरात उभी हयात गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या. आरशात न बघता गाडी वळवणाऱ्याला नापास केलं, तर तो राग नव्हे, नियम आहे.

आज दाब वाढलेला. कारण तिसऱ्या मजल्यावरची गिझी.

ही गिझी विधवा आहे आणि तिच्या पायाला भिंगरी आहे. स्वस्त विमानांची तिकिटं हुडकते आणि महिन्यातून एकदा खांद्याला झोळी अडकवून कुठंतरी उडते. आज पोर्तुगाल, उद्या ग्रीस. ते आमच्या हिनं ऐकलं. नाताळात ही बालवाडीच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, तेव्हापासून हिच्याकडे वेळच वेळ. आज संध्याकाळी दोघी माझ्याच टेबलावर फोन घेऊन बसल्या होत्या.

"गाबोर, सिसिलीला जाणं इथून बुडापेस्टला जाण्यापेक्षा स्वस्त पडतंय," ही म्हणाली.

"स्वस्त आहे म्हणून माणूस विष खातो का?" मी विचारलं.

"तुझंही तिकीट काढू का?"

मी म्हटलं, मी काही पार्सल नाही. मग तिनं पुन्हा विचारलं नाही. विषय संपला.

१७ फेब्रुवारी

विषय संपला नव्हता. आज पहाटे दोघी निघाल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं ही एकटीच परत आली. गिझी गेली उडून.

"काय झालं?" मी विचारलं.

"घेतलं नाही."

एकेक शब्द ओढून काढावा लागला. पासपोर्टावर हिचं नाव हाल्मोश गाबोर्ने. म्हणजे हाल्मोश गाबोरची बायको. लग्न झालं तेव्हा सगळ्यांचं असंच व्हायचं, माझ्या आईचं झालं, तिच्या आईचं झालं. आडनाव नवऱ्याचं, नाव नवऱ्याचं, मागे एक 'ने' लावला की झाली बायको. आता तिकिटाच्या फॉर्ममध्ये चौकोन होता, 'तुमचं नाव'. तर बाईसाहेबांनी त्यात लिहिलं, शारोल्ता. तिकीट एका बाईचं, पासपोर्ट दुसऱ्या बाईचा!

विमानतळावर खिडकीवरची पोरगी आपल्याकडचीच होती. म्हणाली म्हणे, "काकू, मला कळतंय हो, माझी आजीपण अशीच आहे. पण यंत्राला 'ने' कळत नाही." नाव बदलायला तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मागत होते. हिनं दिले नाहीत.

मी हसलो. इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. रेकाला, म्हणजे आमच्या मुलीला, फोन करून सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला, फेरीला, बोलावून सांगितलं. "सासष्ट वर्षांची बाई, आणि स्वतःचं नाव लिहिता येईना!" फेरीही हसला. ही बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.

आज दाब अगदी व्यवस्थित.

२१ फेब्रुवारी

घरात मुकं नाटक चाललंय. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, तोंडातून अक्षर नाही. मी हिला आईच म्हणतो. विचारलं, "आई, झालंय काय तुला?" तर म्हणाली, "सरकारी कचेरीत काम आहे, दुपारी येते."

कसलं काम ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला काय पडलंय?

२० मार्च

आज अक्षर खराब येईल.

दुपारी सूप खाताना हिनं नवा पासपोर्ट माझ्या ताटाशेजारी ठेवला. "बघ."

विदाक शारोल्ता. फोटो हिचा. नाव लग्नाआधीचं.

मी विचारलं, "घटस्फोट हवाय?"

"नाही. नाव हवं होतं."

"माझ्या नावाला काय झालं? चाळीस वर्षं चाललं की!"

"तुझं नाव चांगलंच आहे," ती म्हणाली. "तू वापर ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी चमचा आपटला, सूप टेबलक्लॉथवर सांडलं. ही उठून फडकं घेऊन आली, पुसलं, आणि पुन्हा आपल्या जागी बसून खायला लागली. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, कोणी एक विदाकबाई सूप खात बसली होती! दारावर पाटी आहे, 'हाल्मोश गाबोर आणि पत्नी', पितळेची, मी स्वतः स्क्रू मारलेत. आता ती पाटी खोटी ठरली. लोक काय म्हणतील? पोस्टमन काय म्हणेल?

संध्याकाळी जिन्यात गिझी भेटली. मी म्हटलं, हे तुझेच उद्योग. तर ही बया म्हणते, "माझा लायोश गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझं नाव परत आणलं. शारी हुशार, तिनं तू जिवंत असतानाच आणलं."

१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

ही शनिवारी गेली. एकटी. गिझीला दातांचं दुखणं होतं, तरी ही थांबली नाही. पाठीवर एक छोटी बॅग, सीटखाली बसेल एवढी. फुकटात तेवढीच नेता येते म्हणे. नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडणं म्हणतात ते हेच.

आज सकाळी जिन्यातले पुरुष अत्तराच्या बाटल्या घेऊन बायकांवर शिंपडायला आले. दरवर्षी येतात, कविता म्हणतात, रंगवलेलं अंडं घेतात, एक घोट घेतात. मी दार उघडलं. फेरी बाटली घेऊन उभा. आत डोकावला.

"गाबोर्ने कुठंय?"

"सिसिलीला."

"ईस्टरला? आणि तू इथं?" त्यानं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग आता तुझ्यावर शिंपडू का?"

मी दार लावून घेतलं. अंडी तिनं रंगवून ठेवली होती, ती मी एकट्यानं खाल्ली. माझ्या पोटाला ती मानवली नाहीत.

फ्रीजमध्ये भरलेल्या कोबीचे डबे आहेत, वर वार लिहिलेत. मी ठरवलं होतं, हात लावायचा नाही. मंगळवारचा डबा आजच संपवला.

१६ एप्रिल

ती आली, चार दिवस राहिली आणि परवा पुन्हा गेली. रंग काळवंडला होता. मी विचारलं, तिथं करतेस काय दिवसभर? म्हणाली, "समुद्रावर जाते." हे तिचं खोटं मला लगेच कळलं. ती पाण्याला घाबरते. बालाटॉनच्या तळ्यावर आम्ही दर उन्हाळ्यात जायचो. मी आणि रेका पोहायचो, ही काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायची. तिला तेच आवडायचं. कोणीतरी बसायला हवंच ना.

या वेळी फ्रीजमध्ये डबे नाहीत. विचारलं तर म्हणाली, "तुला ओव्हन लावता येतो. गाडीपेक्षा सोपा आहे."

परीक्षेला आलेल्या पोरांना पहिला गिअर कसा टाकायचा ते मी शिकवलं नाही, ते शिकवणाऱ्यांचं काम. मी परीक्षा घ्यायचो. मला कोणी ओव्हन शिकवला नाही, आणि मी नापास.

२९ एप्रिल

फोनवर तिचा निरोप आला. "रविवारी येत नाही. इथं बरं वाटतंय. गोळ्या निळ्या डबीत आहेत."

कधी येणार ते नाही. येणार का, तेही नाही.

मी उत्तर दिलं नाही. तत्त्व म्हणून दिलं नाही. आपणहून गेलेल्या माणसाला आपणहून यायचं कळतं. या स्वस्त विमानवाल्यांना मात्र फासावर द्यायला हवं. पूर्वी सिसिलीला जायचं तर माणसाला वर्षभर पैसे साठवावे लागायचे, नवऱ्याला विचारावं लागायचं. त्या वर्षभरात डोकं ताळ्यावर यायचं. आता बटण दाबलं की संसार मोडला! पिझ्झ्याच्या भावात!

आज दिवसभर कोणाशी बोललो नाही. दुपारी मीठ सापडेना तेव्हा सवयीनं हाक मारली, "आई, मीठ कुठंय?" मग स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिलो. तो राग नव्हता. काय होतं ते मला लिहिता येत नाही, दाब मात्र वाढलेला.

३ मे

गिझीकडे गेलो. नाक मुठीत धरून.

"मला तिकडे जायचंय. तिला आणायला."

ती दारातच हसली. "चाळीस वर्षं बायकोला आई म्हणतोस, आणि आई बाजारात गेली की पोरासारखा भोकाड पसरतोस!"

"आमच्या जिन्यातले सगळेच म्हणतात. पोरगी म्हणायची, मी म्हणायला लागलो."

"पोरगी ग्यॉरला नांदतेय. तू अजून म्हणतोस." मग तिनं आत घेतलं, कॉफी दिली आणि तिकीट कसं काढायचं ते दाखवलं. मी लिहिलं, हाल्मोश, मग गाबोर. तिनं फोन हिसकावला. "तिकडे उलटं लिहितात. आधी गाबोर."

"तिकडचे उलटे, आम्ही सुलटे!"

"विमान त्यांचं आहे."

तिथून ते बॅग घेणार की नाही विचारतात, आसन निवडणार की नाही विचारतात, विमा हवा का विचारतात, गाडी भाड्यानं हवी का विचारतात. परीक्षेला आलेल्या पोराला मी एवढे प्रश्न विचारले असते तर मला कामावरून काढलं असतं.

रात्री घरी येऊन परतीची तिकिटं मी एकट्यानं काढली. दोन. रविवार, १२ मे. एक माझं, एक हिचं. शेजारी शेजारी, त्याचे पैसे वेगळे. गिझीला सांगितलं नाही. तिला काय कळतंय, मला जमतं की नाही ते.

९ मे

आज मी नापास झालो, सगळ्यांसमोर.

बुडापेस्टच्या विमानतळावर बॅग मोजायला पत्र्याचा एक पिंजरा ठेवलेला असतो. त्यात बसली तर फुकट, नाही तर दंड. माझी सूटकेस चामड्याची, कोपऱ्यांना पितळ. ती बसेना. मी गुडघा लावला. मागे रांग लागली.

"नाही बसत, काका," तिथली पोरगी म्हणाली.

"बसेल."

"चाकं बाहेर राहतायत."

"दोन बोटं!"

"दोन बोटं म्हणजे नाहीच बसत, काका." अगदी शांतपणे. वर हसली. त्या पोरीला मी परीक्षक केलं असतं.

दंड भरायला मी नकार दिला. सूटकेस उघडली, तीन स्वेटर अंगावर चढवले, वर कोट, खिशांत मोजे, बगलेत तिच्यासाठी घेतलेलं सॉसेज. फळांची दारू आधीच तपासणीत काढून घेतली होती, माझ्या मेहुण्यानं घरी गाळलेली, कचऱ्याच्या टोपलीत टाकली! सूटकेस तिथंच सोडून दिली. मागचा एक पोरगा चित्र काढत होता फोननं. काढ म्हटलं, बाबा, काढ. तुझ्या वडिलांना दाखव.

विमानात घामानं भिजलो. पाणी विकत. मी मागितलं नाही.

१० मे

गिझीनं लिहून दिलेला तिचा पत्ता सिसिलीतल्या कतानिया शहरात एका गल्लीत सापडला. चार मजली घर, वरच्या मजल्यावर खोल्या भाड्यानं देणारी एक जाड बाई, कोन्चेत्ता नावाची. तिनं फोनमध्ये बोलायचं, फोननं आमच्या भाषेत सांगायचं, असं आमचं संभाषण झालं.

मी सांगितलं, "हाल्मोश गाबोर्नेला भेटायचंय."

तिनं माझं ओळखपत्र मागितलं. पाहिलं. म्हणाली, "गाबोर. हे तर तुमचंच नाव. तुम्ही इथं आहात. आता कोणाला शोधताय?"

"गाबोर-ने. ने! माझी बायको!"

"माझ्याकडे चार बायका राहतात, चारही कोणाच्या ना कोणाच्या. तुमची कुठली?"

माझं डोकं फिरलं. वर्णन केलं. उंच, पांढरे केस, डावा गुडघा दुखतो. कोन्चेत्ता खांदे उडवत राहिली. मग फोनमध्ये फोटो शोधला. तिचा एकटीचा एकही नाही. एकात मी आणि गाडी, मागे आरशाजवळ तिचं अर्धं तोंड. कोन्चेत्तानं दोन बोटांनी ते तोंड मोठं केलं.

"आ, शारोल्ता! मग असं सांगा की!" आणि गॅलरीत जाऊन तिनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. खालून कोणीतरी त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडलं आणि हसलं. ते हसणं ओळखीचं होतं, पण पटकन लक्षात येईना कुठं ऐकलं होतं. लग्नाआधी असेल.

ती वर आली. केस ओले. खांद्यावर टॉवेल. माझ्याकडे पाहिलं, कोट, स्वेटर, सॉसेज.

"बर्फ पडतंय का तिकडे?" तिनं विचारलं.

"केस ओले कशानं?"

"पोहून आले."

"तुला पोहता येत नाही."

"येतं. कपडे सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून घालूनच उतरले पहिल्यांदा." आणि पुन्हा हसली. मला ते विनोदी वाटलं नाही.

११ मे

सगळं नीट लिहितो, म्हणजे कोणाची चूक होती ते नंतर वाचता येईल.

सकाळी मी तिकिटं टेबलावर ठेवली. फोनमध्ये असतात, पण इथल्या दुकानात छापून घेतली, कागद दिसला की माणूस गंभीरपणे घेतो. मी म्हटलं, "उद्या. दोन जागा, शेजारी. खिडकीची तुझी." रागावलो नाही. वाटेत सगळं भाषण तयार केलं होतं, त्यातलं काही बोललो नाही.

तिनं चष्मा लावला, माझं तिकीट वाचलं. मग तिचं वाचलं. बराच वेळ वाचत होती. एवढं काय आहे त्यात वाचण्यासारखं?

"गाबोर, ही कोण?"

मी पाहिलं. हाल्मोश, गाबोर-ने. मीच लिहिलं होतं. हात आपोआप गेला होता, चाळीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर मीच लिहीत आलो होतो, विम्याच्या, वीजबिलाच्या, सगळ्या.

"या बाईचा पासपोर्ट आता नाही," ती म्हणाली. "हिला कोणी विमानात घेणार नाही."

मी भडकलो. म्हटलं, एक अक्षर चुकलं तर एवढं? मी एवढ्या लांब आलो, सूटकेस टाकून आलो, घामानं भिजलो, माणसांसमोर शोभा झाली, आणि तुला तिकिटावरचं नाव दिसतंय?

"मला तेवढंच दिसतंय," ती म्हणाली. तिचाही आवाज चढला. एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तू फेरीला बोलावून हसलास. रेकाला सांगितलंस. मी बटाटे सोलत होते आणि मला वाटत होतं, हा आता थांबेल, आता थांबेल. तू थांबला नाहीस. त्या फॉर्मनं मला विचारलं, तुमचं नाव काय. तेवढंच विचारलं. मी लिहिलं. त्यात हसण्यासारखं काय होतं?"

कोन्चेत्ता दारातून डोकावली आणि परत गेली.

मी म्हटलं, "तू येणार आहेस की नाही?"

"ठरवलं नाही."

"कधी ठरवणार?"

"ते पण मीच ठरवेन." मग जरा वेळानं म्हणाली, "खाल्लंयस का काही?"

मी खाल्लं नव्हतं. तिनं पाव आणि टोमॅटो दिले, सॉसेज कापलं. दोघांनी खाल्लं. ती समुद्रावर गेली. मी गॅलरीत बसून फोनवर नाव बदललं. दोन तिकिटांपेक्षा जास्त पैसे घेतले चोरांनी. जुनं नाव पुसलं, चौकोन रिकामा झाला, वर लिहिलेलं, 'प्रवाशाचं नाव'. लिहायला वेळ लागला. सवय नाही हाताला. मग दोघांचा प्रवेशाचा पास काढला आणि तिचा तिच्या उशीखाली ठेवला.

१२ मे, रविवार

विमानात लिहितोय. खिडकीची जागा रिकामी आहे. तिकिटावर नाव बरोबर होतं.

सकाळी मी निघालो तेव्हा ती खोलीत नव्हती. पासही उशीखाली नव्हता. म्हणून मला वाटलं. म्हणून मी विमानतळावर लवकर गेलो आणि दाराकडे तोंड करून बसलो. प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईकडे पाहत होतो. सगळ्यांना आत घेतलं, मी शेवटपर्यंत बसून राहिलो. मला राग येत होता, आताही येतोय. या बाईला एक शब्द बोलता येत नव्हता? नाही म्हणायला काय झालं होतं? पण ती म्हणाली होती, ठरवलं नाही. ते मी ऐकलं नव्हतं का?

मग भोंग्यावर पुकारा सुरू झाला. विदाक शारोल्ता. विदाक शारोल्ता. विचित्र उच्चार, पण तेच नाव. सगळ्या विमानतळभर. लोक मान वर करून ऐकत होते. चाळीस वर्षांत मी ते इतक्या मोठ्यानं ऐकलं नव्हतं.

मी उठून दारावरच्या पोरीकडे गेलो. "पुकारू नका. ती येणार नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिला राहायचंय," मी म्हटलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पोरगी यादीकडे पाहत होती, माझ्या ओळखपत्राकडे पाहत होती. आडनाव वेगळं, नाव वेगळं, कशाचा कशाशी मेळ नाही. आमच्याकडचीच होती ती, आमच्याच भाषेत बोलत होती.

"माफ करा, काका," तिनं विचारलं, "तुम्ही तिचे कोण?"

मी म्हटलं, "शारोल्ताचा नवरा."